दोन टिंबांमधला बिबट्या

कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी जुन्नर-आंबेगावच्या शेतांत फिरलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. २००१ पासून जुन्नर वनविभागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. प्रवासाची नोंद जेमतेम एका ओळीची: कुठे धरला, कुठे सोडला, कधी. सोडल्या जागी तो राहील, असंच धरलेलं होतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं दिसलं.

त्याच सुमारास बिनतारी नेटवर्कचे अभ्यासकही अशाच ओळी लिहीत होते. १९९८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाने एनएस-२ या सिम्युलेटरमध्ये ५० नोड (जाळ्यातली फिरती उपकरणं) १५०० बाय ३०० मीटरच्या मैदानात ९०० सेकंद फिरवले. नोडच्या चालीच्या फायलीतली एक ओळ साधारण असं सांगते: ५० व्या सेकंदाला ७ क्रमांकाच्या नोडने (८२०, १४०) या बिंदूकडे सेकंदाला १.४ मीटर वेगाने निघावं. जायचं ठिकाण आणि वेग, बस्स. नोड नाकासमोर चालतो, पोचला की थांबतो, मग नवा बिंदू. ठिकाणं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली. २००३ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की किमान वेग शून्य ठेवला तर या पद्धतीत सरासरी वेग घटतच जातो. म्हणजे काढलेले निष्कर्षही डळमळीत.

बॉन विद्यापीठाच्या बॉनमोशन या चाल-आखणीच्या सॉफ्टवेअरने मांडणी बदलली. एका नोडला एक ओळ, आणि तीत वेळ, क्ष, य असे तीन-तीन आकडे ओळीने. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आधीची फाइल हुकूम देते, ही साक्ष देते. खऱ्या प्राण्याची चाल साक्षीतच मावते.

ती साक्ष आपल्याकडे २००९ मध्ये मिळाली. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढला, जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. आजोबा हे त्याचं नाव. महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत तो पंचवीसेक दिवसांत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत पोचला. सरळ रेषेत अंतर साधारण ८९ किलोमीटर. पट्ट्याच्या नोंदी जोडत गेलं तर सुमारे १२०.

हाच प्रवास एनएस-२ च्या एका ओळीत बसवून पाहा. आजोबा सेकंदाला ४ सेंटिमीटर वेगाने, दिवसरात्र न थांबता, घरं-नद्यांमधून सरळ सरकत गेलेला दिसेल. दिवसा दडून राहणं नाही, रात्रीची धाव नाही. पट्टेच नोड असलेल्या जाळ्यात दोन पट्टे एकमेकांच्या टप्प्यात कधी येतील आणि माहिती कधी देतील, हे तर याच गोष्टींवर ठरतं. प्रिन्स्टनच्या झेब्रानेटने २००४ मध्ये केनियात झेब्रांच्या गळ्यात असेच परस्परांशी बोलणारे पट्टे बांधले होते.

बॉनमोशनची ओळही पुरी पडत नाही. पट्टा बॅटरी वाचवण्यासाठी काही तासांनी एकदाच जागा टिपतो. दाट आडोशात उपग्रह दिसले नाहीत, तर तेवढी नोंद हुकते. तीन आकड्यांच्या साखळीत ही हुकलेली नोंद कुठेच दिसत नाही. आधीचं टिंब पुढच्याला जोडलं जातं. २००८ मध्ये आलेला एनएस-३ आजही एनएस-२ च्या जुन्या फायली वाचतो, तेव्हा ही सवय लवकर सुटणारी नाही. घोड-कुकडीच्या खोऱ्यात बिबट्याची वर्दी देणारं बिनतारी जाळं कुणी आखत असेल, तर पट्ट्याची मूळ फाइल फेकू नये, आणि रूपांतर करताना हुकलेल्या वेळांसाठी एक रकाना वेगळा ठेवावा. आजोबा २०११ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला, तेव्हा ओळख पटली ती कातडीखालच्या चिपमधल्या क्रमांकामुळे. नोड क्रमांकाचा रकाना त्या दिवशी कामाला आला.