नवा दिवा, जुनी वायर : सांधा पक्का आहे ना?

हौसेने आणलेलं झुंबर छताला लागतं, बटण दाबताच लख्ख उजेड पडतो आणि घरातले सगळे खूश होतात. पण काही दिवसांतच तो दिवा लुकलुकायला लागतो. दुकानदाराशी वाद घालून दिवा बदलून आणला, तरी लुकलुक थांबत नाही. अशा वेळी दोष दिव्यात असेलच असं नाही. छतातून आलेली वायर आणि दिव्याची वायर जिथे एकत्र येतात, तो सांधा एकदा तपासून घ्या.

दोन वायरी, दोन स्वभाव

जुन्या घरांमध्ये बऱ्याचदा एकाच जाड तारेची वायर असते. बाजारात तिला 1/18 म्हणत, म्हणजे 18 गेजची एकच तार. ती ताठ असते, वाकवली की तशीच राहते. नव्या दिव्याच्या वायरमध्ये मात्र केसासारख्या अनेक बारीक तारा एकत्र असतात. ही मल्टीस्ट्रँड वायर मऊ असते, हवी तशी वळते. अलीकडच्या घरांमध्ये भिंतीतली वायरही मल्टीस्ट्रँडच असते, पण ती साधारण 1.5 चौरस मिलिमीटरची, तर दिव्याची तिच्यापेक्षा पुष्कळ बारीक.

या दोघींना नुसता पीळ दिला, की मऊ वायर वेलीसारखी ताठ तारेभोवती गुंडाळली जाते. ताठ तार मात्र सरळच राहते. दिव्याला जरा हिसका बसला किंवा साफसफाई करताना धक्का लागला, की वेटोळं सैल पडतं. वरून गुंडाळलेली टेप सांध्याला फक्त झाकते, घट्ट धरून ठेवत नाही. छताजवळच्या उष्णतेने टेपचा डिंकही हळूहळू सुटतो.

सैल सांधा तापतो

तुम्ही म्हणाल, एलईडी दिवा 12 वॉटचा, तो कितीशी वीज घेणार? बरोबर आहे, एकट्या दिव्याने सांधा फारसा तापणार नाही. पण अनेकदा त्याच सांध्यातून पुढच्या दिव्यांना आणि पंख्यांनाही वीज जाते. समजा सांधा सैल असल्यामुळे तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून 5 अँपियर वीज वाहिली, तर त्या एका ठिपक्यावर 12.5 वॉट उष्णता तयार होते. फॉल्स सीलिंगच्या आत, लाकूड किंवा थर्माकोलजवळ तासन्‌तास असा तापणारा ठिपका म्हणजे आगीला निमंत्रणच. त्यात एमसीबी जास्त वीज वाहिली किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडतो. सैल सांधा त्याला कळत नाही.

दोघींना धरणारा तिसरा हवा

ताठ आणि मऊ वायर एकमेकींना नीट धरत नाहीत, म्हणून दोघींना धरणारा कनेक्टर वापरावा.

लिव्हर कनेक्टर : यात छोटा खटका उचलायचा, वायर आत घालायची आणि खटका दाबायचा. प्रत्येक वायरला स्वतंत्र घर असल्याने एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला मऊ वायर व्यवस्थित बसते. वायर किती सोलायची ते कनेक्टरवर दाखवलेलं असतं, बहुधा 10 ते 11 मिलिमीटर. मात्र खटका नसलेले, नुसती वायर खुपसायचे कनेक्टर प्रामुख्याने ताठ तारेसाठी असतात. मऊ तारा त्यात शिरण्याऐवजी विस्कटतात.

स्क्रूचा कनेक्टर : पोर्सिलेनचा किंवा प्लास्टिकचा हा कनेक्टर स्वस्त आणि सहज मिळणारा. पण त्याचा स्क्रू बारीक तारा चिरडतो. म्हणून मऊ वायरच्या टोकावर आधी पिन लग, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवून घ्या. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर मात्र लावू देऊ नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो.

वायरमन आला की हे बघा

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून चार गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, एमसीबी खाली पाडायला सांगा. काही घरांमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असतं, तेव्हा दिवा बंद दिसला तरी वायरीत वीज असते. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो नीट चालतो का हे पाहावं आणि मगच छताच्या वायरीला लावावा.

दुसरी, रंग. आपल्या घरात बहुधा लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची वायर असते. दिव्याला मात्र अनेकदा तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर असते. दिवा धातूचा असेल, तर अर्थिंग जोडलीच पाहिजे.

तिसरी, दिव्याचं वजन हुकावर किंवा क्लँपवर असावं. वायरवर दिवा लोंबकळत असेल, तर कोणताही सांधा टिकणार नाही.

चौथी, जोडून झाल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहायला सांगा. ती सुटता कामा नये आणि कनेक्टरबाहेर उघडं तांबंही दिसता कामा नये. मग सांधा डब्यात बंद करा. फॉल्स सीलिंगमध्ये तो डबा पुन्हा उघडता येईल अशा जागी असू द्या आणि झाकण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

जुनी वायर चंदेरी असेल तर

सोललेली वायर चंदेरी दिसली तर काम थांबवा. ती कल्हई केलेली तांब्याची असू शकते, पण काही जुन्या घरांमध्ये अॅल्युमिनिअमची वायरही असते. अॅल्युमिनिअम आणि तांबं थेट जोडलं, तर दमट हवेत सांधा गंजतो आणि तापू लागतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारा खास कनेक्टर लागतो. शक्य असेल तर त्या खोलीची वायरच बदलून घ्या.

दिव्यांवर हजारोंचा खर्च करताना कनेक्टरचे पैसे वाचवू नका. वायरमन यायच्या आधीच ते आणून ठेवा, म्हणजे ‘आता टेप लावून देतो, नंतर बघू’ असं म्हणायला जागाच उरणार नाही.