डाळ शिजेना, साबण फेसाळेना

अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ, भोकरदन तालुक्यात धावडा हे गाव वसलेलं आहे. या भागात पाण्याची पहिली परीक्षा स्वयंपाकघरातच होते. तूरडाळ कितीही उकळली तरी दाण्याला दाणा वेगळाच राहिला, की दोष पाण्याला जातो: ‘बोअरचं आहे, जड आहे.’ मग पातेल्यात चिमूटभर खायचा सोडा पडतो आणि डाळ मऊ होते. साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, उन्हाळा सरता सरता कूलरचं गवत खारानं कडक होतं. ही सगळी करणी पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची.

हे क्षार येतात पायाखालच्या खडकातून. जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातली खनिजं हळूहळू विरघळवतं. काळ्या मातीतली चुनखडी त्यात भर घालते. विहिरीचं पाणी वरच्या मुरमाड, भेगाळलेल्या थरातलं असतं आणि दर पावसाळ्यात ते बरंचसं बदलतं. खोल बोअरमधलं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यामुळे बहुधा तेच अधिक जड लागतं. याच तालुक्यात जुई आणि धामणा हे मध्यम प्रकल्प आहेत. तलावाधरणांत साठलेलं पावसाचं पाणी साधारणपणे बोअरपेक्षा हलकं असतं. उन्हाळ्यात विहीर आटून गाव बोअरवर किंवा टँकरवर आलं, की नळ तोच राहतो, पण त्यातलं पाणी बदलतं.

डाळीचं कोडंही याच क्षारांत आहे. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. कॅल्शियम ती पकड घट्ट करतो, सोडा ती सैल करतो. साबण मात्र या क्षारांशी संयोग पावून चिकट साका बनतो, म्हणून वडी झिजते आणि कपडे मळकटच राहतात. पाणी उकळलं की बायकार्बोनेटच्या रूपातले क्षार तळाशी बसतात. पातेल्यातला पांढरा थर तो हाच. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातले क्षार उकळूनही जात नाहीत.

मग जड पाणी प्यायला घातक आहे का? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणतेची, म्हणजेच जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाण्याचा त्रास मुख्यतः भांड्यांना, कपड्यांना आणि खिशाला.

खरी काळजी करायची ती जिभेला न कळणाऱ्या गोष्टींची. उकिरडा, शोषखड्डा किंवा शेतातला युरिया यांतून नायट्रेट विहिरीत उतरतं. त्याला ना रंग, ना वास. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि इथे सवलतीची दुसरी पायरी नाही. ते वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्यानं त्याचं प्रमाण चढतं. मैल्यातून येणारे जिवाणूही डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र ते उकळल्यानं मरतात आणि ब्लीचिंग पावडरनंही मरतात. ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ म्हणतात ती हीच पावडर. पुरेशी पडली असेल तर नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला सापडतो. जलसुरक्षक ओटी चाचणीत पाण्यात थेंब टाकतो आणि पिवळा रंग येतो का ते पाहतो, ते यासाठीच.

या सगळ्या गोंधळाचा फायदा बाजार उठवतो. फिल्टर विकणारा दोन ग्लास मांडतो, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतो. नळाचं पाणी क्षणात गढूळ, तांबूस होतं आणि घरातली माणसं हबकतात. तो गाळ पाण्यातला नसतोच. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि कांडीचंच लोखंड झिजून गंजतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यानं तिथे काही घडत नाही. खिशातल्या टीडीएस मीटरचंही तसंच: तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जिवाणूंबद्दल एक अक्षर बोलत नाही. टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2019 मध्ये सरकारला सांगितलं. कारण ही यंत्रं शुद्ध पाण्याबरोबर बरंच पाणी मोरीत सोडतात. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा हिशेब लहान नाही.

पाणी तपासून घेणं आरओ बसवण्यापेक्षा स्वस्त पडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत नमुने तपासले जातात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याची सोय आहे. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून भरली की काम होतं. जिवाणूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते आणि नमुना थंड ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावा लागतो. जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे आणि कशामुळे, हे ग्रामसभेत कुणीही विचारू शकतं. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे दोन अहवाल शेजारी ठेवले, तर विहिरीभोवतीचा उकिरडा हलवायचा की बोअर बदलायचा, हे ठरवायला आधार मिळतो.