जवानाची पेन्शन

पेन्शन म्हणजे सरकारने केलेला उपकार नव्हे. ती पूर्वी केलेल्या सेवेचा मागे राहिलेला मोबदला होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात स्पष्ट केले. तत्त्व असे स्वच्छ आहे. पण साताऱ्याकडच्या एखाद्या निवृत्त हवालदाराच्या खात्यावर ते रुपयांच्या रूपाने उतरेपर्यंत कागदाला बरीच दारे ओलांडावी लागतात आणि वाचकहो, सारी गोम त्या दारांतच आहे.

जवानाची पंधरा वर्षे नोकरी भरली की तो पेन्शनीला पात्र होतो. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन लढाई संपताच घरी धाडलेले कितीतरी जवान या अटीपायीच पेन्शनीवाचून राहिले. पात्र जवानाची नोंद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला. तिथून कागद प्रयागराजच्या, म्हणजे जुन्या अलाहाबादच्या, संरक्षण लेखा खात्याच्या पेन्शन कचेरीत जातात आणि मंजुरीचा हुकूम निघतो. पैसे पूर्वी बँक देई. हिशेब चुकला की बँक प्रयागराजकडे बोट दाखवी, प्रयागराज रेकॉर्ड ऑफिसकडे! आता ‘स्पर्श’ या संगणकीय पद्धतीने रक्कम थेट खात्यात जमा होते. ही सुधारणा खरीच. ती नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र संगणकाला माणूस ओळखू येत नाही, त्याला अक्षरे ओळखू येतात. आपल्याकडे मुलगी सासरी आली की तिचे नाव बदलण्याची चाल होती. समजा, रेकॉर्डला तिचे सासरचे नाव लागले, आधारवर माहेरचे राहिले, आणि बँकेत ‘बाई’ जोडून तिसरेच झाले. नवरा आहे तोवर कुणाचे काही अडत नाही. तो गेला की या तीन नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्याचे काम तिच्यावर येऊन पडते, आणि तेही घरची मिळकत थांबलेली असताना. चूक झाली कचेऱ्यांत, पुरावा मात्र म्हातारीने गोळा करायचा, हे काही न्यायाचे नाही.

अपंगत्वाच्या पेन्शनीतही हाच प्रश्न होता. आजार लष्करी नोकरीमुळे झाला की नाही, हे कोणी दाखवायचे? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच जडला असे सामान्यतः धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितले.

‘समान हुद्दा, समान पेन्शन’ योजनेचा हुकूम नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला. तिच्या फेरआकारणीची थकबाकी इतकी रेंगाळली की मार्च २०२३ मध्ये न्यायालयाला तारखा बांधून द्याव्या लागल्या : कुटुंब-पेन्शनवाल्यांना एप्रिलअखेर, सत्तरी ओलांडलेल्यांना जूनअखेर. सत्तरीपुढच्या माणसाला ‘थोडे थांबा’ म्हणणे किती सोपे, नाही का!

तेव्हा आपल्या घरात किंवा शेजारी फौजी पेन्शनर असतील, तर मंजुरीच्या हुकुमावरचे पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारशी आजच ताडून पाहा. फरक आढळल्यास अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करायचा असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो लिहिण्यास मदत मिळते. जवान हयात असताना त्याच्या स्वतःच्या सहीने गेलेला अर्ज पुढे बायकोचे पुष्कळ हेलपाटे वाचवतो.