उन्हाळ्यात मासा गळाला का लागत नाही?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की नांदेडच्या खालच्या अंगाला गोदावरी ठिकठिकाणी डोहांपुरती उरते. लातूरकडे मांजरेचंही तेच. नागझरी, साई अशा बॅरेजच्या मागं अडलेलं तेवढं पाणी. (2016 सारख्या साली तेही नाही. तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.) पाणी आटलं म्हणजे मासा एका जागी दाटला, आता पटापट लागणार, असं नवख्याला वाटतं. मासा दाटलेला असतो खरा, पण तो खात नाही.

कारण आहे प्राणवायू. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात ऊन वाढलं की माशाची प्राणवायूची गरजही वाढते. काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउटवर पिसांची नकली माशी टाकतात, तिथं भर उन्हाळ्यात वितळलेला बर्फ पाणी गार ठेवतो आणि खडकांवर आपटून त्यात हवा मिसळते. आपल्या डोहाला वाराच काय तो आधार. म्हणून वाऱ्याच्या लाटा ज्या काठावर येऊन फुटतात, तिथं आधी गळ टाकून बघावा.

वेळेचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो. पहाट गार, म्हणून पहाटच उत्तम, हे शंकरसागरासारख्या मोठ्या, खोल जलाशयात चालतं. शेवाळानं हिरव्यागार झालेल्या डोहात नाही. शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास अशा पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात, आणि ते पाहून आपण खूश होतो. ती भूक नव्हे, धाप आहे. अशा डोहावर ऊन कलल्यावर जावं.

गळ किती खोल सोडायचा ते माशाच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. मृगळाचं खाली, म्हणजे तळाशी. रोहू मधला. पण खोल धरणात उन्हाळ्यात अगदी तळाच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, तिथं मृगळही थांबत नाही. उथळ काठ बरा.

मरळीची गोष्टच वेगळी. ती थेट हवा घेते, म्हणून गढूळ, कोमट पाण्यातही तगते आणि खातेही. निवांत पाण्यावर मधूनच एक घोट घेतल्यासारखा आवाज येतो, तिथं जिवंत बेडकी लावून गळ टाकतात. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर तिथं टाकू नये. खाली राखणीला मरळ असते. ती काढली की बाकीचे मासे तो घोळका फस्त करतात.