चुनखडीच्या छपराखालची घरं

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांमधलं चिपिंग कॅम्पडन मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर भरभराटीला आलं. तिथल्या मधाळ रंगाच्या दगडी भिंतींचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते या घरांचं मर्म छपरात आहे.

छपरावर कौलांऐवजी चुनखडीच्या पातळ फरश्या असतात. काही खाणींत दगड मुळातच पातळ थरांचा निघतो. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्डला मात्र थंडीकडून काम करून घेत. जमिनीखालून काढलेला ओला दगड सुकू नये म्हणून मातीनं झाकून ठेवत आणि कडाक्याची थंडी पडली की उघड्यावर पसरत. आतलं पाणी गोठून फुगे आणि थर सुटे होत. एकदा सुकलेला दगड मग फुटत नसे.

प्रत्येक फरशीच्या वरच्या टोकाला भोक पाडून त्यात ओकची खुंटी ठोकतात आणि त्या खुंटीवर फरशी रिपेला अडकवतात. वळचणीला सर्वांत मोठ्या फरश्या, आढ्याकडे जाताना लहान होत गेलेल्या. त्यामुळे खाणीतला लहानमोठा सगळा माल कामी येतो, आणि जिथे पाणी सर्वांत जास्त तिथे सांधे सर्वांत कमी राहतात. दोन पाखी मिळतात त्या कोनात अरुंद फरश्या वळवत नेऊन पन्हळ साधतात, शिशाचा पत्रा न वापरता. कारागिराचा हात तिथे कळतो.

फरश्या ओबडधोबड, सच्छिद्र. पाणी रेंगाळलं की झिरपणारच. म्हणून उतार पन्नास अंशांच्या आसपास, चांगलाच उभा. त्यामुळे माळा राहण्याजोगा उंच होतो, आणि तिथे उजेड हवा म्हणून दर्शनी बाजूला खिडक्या असलेली त्रिकोणी शिखरं येतात. या दगडी छपराचं ओझं पेलणारी लाकडं पाहायची असतील तर चिपिंग कॅम्पडनला श्रीमंत व्यापारी बॅप्टिस्ट हिक्सनं 1627 मध्ये बांधवून घेतलेल्या बाजाराच्या उघड्या मंडपात उभं राहून वर पाहावं.

भिंतीला आतबाहेर दगडाचे दोन पदर, मध्ये चिपांची भर, आणि पदर बांधून ठेवणारे आडवे लांब दगड. दर्जा चुन्याच्या. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे भिंतीतली ओल दर्जांतून बाहेर पडते. या दर्जा सिमेंटनं भरणं हा या घरांवरचा मोठा अन्याय आहे. ओल मग दगडातच अडकते, गोठते, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्ती करताना सिमेंट हलक्या हातानं उकरून पुन्हा चुना भरावा लागतो, तोही हिवाळा टाळून. घट्ट होण्याआधी गोठलेला चुना भुगा होऊन गळतो.