हरलेल्या गुणांचे गणित

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. पुण्यातील एका टेनिस कोर्टावर बारा वर्षांखालील मुलांची स्पर्धा चालू होती. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी ऊन चांगलेच चढले होते. तारेच्या कुंपणाबाहेर पालकांची गर्दी होती आणि आत दोन मुले, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या गांभीर्याने, खेळत होती. त्यांपैकी एक मुलगा प्रत्येक गुण गमावल्यावर एकच गोष्ट करी. तो प्रतिस्पर्ध्याकडे पाहत नसे, हातातल्या रॅकेटकडे पाहत नसे. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पाहत असे. वडील बोलत काहीच नसत, नुसती मान हलवीत. सामना संपला, मुलगा हरला आणि पाण्याची बाटली घेऊन तो बाहेर येतो न येतो तोच वडिलांनी विचारले, "अरे, याच्याकडून हरलास? मग क्रमवारीचे काय?"

हे गृहस्थ दुष्ट नव्हते. मुलासाठी पहाटे पाचला उठणारे, प्रशिक्षकाची फी आणि रॅकेटच्या तारांचा खर्च पोटाला चिमटा घेऊन भागवणारे असे ते कोणी मध्यमवर्गीय पालक असावेत. त्यांनी मुलापुढे एक ध्येय ठेवले होते. ध्येय या शब्दाचे आपल्याला विलक्षण आकर्षण आहे. शाळेच्या पारितोषिक समारंभात एकदा तरी 'उच्च ध्येय बाळगा' असे सांगितल्यावाचून पाहुण्यांची सुटका होत नाही. परंतु टेनिस खेळणाऱ्या मुलाने विंबल्डनचे ध्येय बाळगले, तर उद्या सकाळी सहा वाजता कोर्टावर उतरून त्याने नेमके काय करावयाचे, याचे उत्तर त्या ध्येयात कोठेच नसते. ते ध्येय डोक्यावर असते, हाताशी नसते. आणि टेनिससारख्या खेळात डोक्यावरचे ओझे फार लवकर मनगटात उतरते.

याचे कारण या खेळाच्या रचनेतच आहे. फुटबॉलमध्ये आघाडी घेतलेला संघ घड्याळाकडे पाहत वेळ काढू शकतो. टेनिसला घड्याळ नाही. कितीही आघाडी असली तरी शेवटचा गुण जिंकल्याखेरीज सामना जिंकता येत नाही. शिवाय गुणांचे गेम, गेमचे सेट अशी बांधणी असल्यामुळे अधिक गुण मिळवणारा खेळाडूही पराभूत होऊ शकतो. २०१९ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण मिळवले आणि नोव्हाक जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर, स्वतःच्या सर्व्हिसवर, फेडररला विजयासाठी केवळ एक गुण हवा होता. तशी संधी त्याला दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा ती हुकली. जोकोविचने तो सेट १३-१२ असा टायब्रेकवर जिंकला आणि विजेतेपदही त्यालाच मिळाले.

हाच फेडरर २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात बोलला, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांना एक साधे गणित घातले. कारकीर्दीत तो एकेरीचे १५२६ सामने खेळला आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले. त्या सामन्यांतील किती टक्के गुण त्याने जिंकले असावेत? केवळ ५४. वाचकांनी या आकड्याशी क्षणभर थांबावे. समजा, एका सामन्यात दीडशे गुण खेळले गेले. तर त्या हिशेबाने फेडररसारखा खेळाडूही त्यांपैकी ६९ वेळा हरतो. कुंपणाबाहेरच्या त्या वडिलांनी फेडररच्या प्रत्येक हरलेल्या गुणावर मान हलवायचे ठरवले असते, तर त्यांची मान दुखू लागली असती. ज्या खेळात अत्युत्तम माणसाला जवळजवळ निम्म्या वेळा हरावे लागते, त्या खेळात 'हरायचे नाही' हे ध्येय मूळातच चुकीचे आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मग ध्येय कसे असावे? याचे सर्वांत बोलके उदाहरण मला १९७५ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात दिसते. एका बाजूला होता बावीस वर्षांचा, आदल्या वर्षीचा विजेता जिमी कॉनर्स. एकही सेट न गमावता तो अंतिम फेरीत आला होता. दुसऱ्या बाजूला बत्तिशीच्या उंबरठ्यावर असलेला आर्थर अ‍ॅश. त्यापूर्वी दोघांच्या झालेल्या तिन्ही लढती कॉनर्सने जिंकल्या होत्या. अ‍ॅश हा स्वभावतः जोरकस फटके मारणारा खेळाडू. कॉनर्सला मात्र तेच हवे असे; समोरून येणाऱ्या वेगाचेच तो हत्यार करी. अ‍ॅशने आपल्या मित्रांशी विचारविनिमय करून ठरवले की, कॉनर्सला वेग द्यावयाचाच नाही. चेंडू हळू, खाली आणि कापून मारावयाचा. सर्व्हिस बाहेरच्या बाजूस वळवून त्याच्या दोन्ही हातांच्या बॅकहँडला ताणावयाचे. तो पुढे आला की डोक्यावरून उंच चेंडू टाकावयाचा. पहिले दोन सेट अ‍ॅशने ६-१, ६-१ असे घेतले. तिसरा कॉनर्सने ७-५ असा परत मिळवला आणि चौथ्यात तो पुढे गेला. कसोटी येथे होती. अशा वेळी माणूस घाबरून आपल्या जुन्या सवयीकडे, म्हणजे जोरकस फटक्यांकडे, धाव घेतो. अ‍ॅशने धाव घेतली नाही. बाजू बदलताना तो खुर्चीत डोळे मिटून शांत बसे आणि उठून पुन्हा तोच हळू चेंडू मारी. चौथा सेट त्याने ६-४ असा जिंकला. त्या दिवशी 'विंबल्डन जिंकणे' हे त्याच्या मनात नव्हते असे कोण म्हणेल? परंतु हाताला दिलेले काम निराळे होते. ते प्रत्येक चेंडूवर पार पाडता येण्याजोगे होते आणि ते पार पडले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कॉनर्सला नव्हता.

मानसिकता जन्मजात असते, अमक्याचे काळीज वाघाचे आणि तमक्याचे सशाचे, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. इव्हान लेंडलचा इतिहास या समजाच्या विरुद्ध साक्ष देतो. चार प्रमुख स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांत तो १९८१ ते १९८३ या काळात चार वेळा पोहोचला आणि चारही वेळा हरला. मोक्याच्या क्षणी कच खाणारा, अशी त्याची अपकीर्ती झाली. लेंडलने काळीज बदलून घेतले नाही. त्याने दिनक्रम बदलला. आहार बदलला, शरीर घोटून तयार केले. पुढे तर त्याने घरी जे कोर्ट बांधले, त्याचा पृष्ठभागही अमेरिकन स्पर्धेच्या कोर्टासारखाच करून घेतला. १९८४ मध्ये पॅरिसच्या लाल मातीवर, त्या वर्षी तोवर एकही सामना न हरलेल्या जॉन मॅकेन्रोविरुद्ध पहिले दोन सेट गमावून त्याने पुढचे तिन्ही जिंकले. एकूण आठ मोठी विजेतीपदे त्याने मिळवली. विंबल्डन मात्र त्याला कधीच मिळाले नाही. त्यासाठी १९९० साली त्याने फ्रेंच स्पर्धेवर पाणी सोडले आणि तो हिरवळीवर सराव करीत राहिला. तरीही उपांत्य फेरीत स्टीफन एडबर्गकडून हरला. ध्येयाचा मार्ग योग्य असला म्हणजे ध्येय गाठतेच, असे सांगणारी जी पुस्तके सध्या रेल्वे स्थानकांवर विकली जातात, त्यांच्या लेखकांनी लेंडलचे हे अखेरचे प्रकरण मुद्दाम वाचावे. पुढे हाच लेंडल अँडी मरेचा प्रशिक्षक झाला. मरेही पहिल्या चार अंतिम फेऱ्या हरलेला. त्याने २०१२ ची अमेरिकन स्पर्धा आणि २०१३ चे विंबल्डन जिंकले. त्या चार पराभवांचा अर्थ त्याला समजावून सांगण्यास याहून योग्य माणूस मिळाला नसता.

आता येथे एक आक्षेप संभवतो. हाताला मोजके काम द्यावे, असे म्हटले की लगेच पालक वही आणि शिट्टी घेऊन उभे राहतात. आंद्रे अगासीचे वडील असेच होते. इराणकडून ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळलेल्या या गृहस्थांनी चेंडू फेकणारे एक यंत्र तयार केले आणि सात वर्षांच्या मुलाला त्यासमोर उभे केले. रोज २५०० चेंडू, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख. इतके चेंडू मारणाऱ्याला कोण हरवील, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. मुलगा जगज्जेता झाला. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओपन' या आत्मकथनात त्याच मुलाने आपण टेनिसचा द्वेष करीत आलो, असे लिहून ठेवले आहे. ध्येय मोजता येण्याजोगे असावे, हे खरेच. पण मोजणारा कोण, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. आणि अगासीइतकी उपजत देणगी नसलेली मुले अशा यंत्रासमोरून कोठे जातात, याची आत्मकथने कोणी लिहीत नाही. ती मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी रॅकेट माळ्यावर टाकतात.

प्रस्तुत लेखक कोणी खेळाडू नव्हे. चाळिशीनंतर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, रॅकेट हाती घेतलेला मी एक हौशी माणूस. माझी दुसरी सर्व्हिस हा आमच्या क्लबातील विनोदाचा विषय होता. पहिली जीव खाऊन मारलेली जाळ्यात आणि दुसरी भीत भीत ढकललेली रेषेबाहेर, हा क्रम सहसा चुकत नसे. आमच्या मार्करने, म्हणजे सभासदांबरोबर पगारी खेळणाऱ्या माणसाने, दोन वर्षे हे मुकाट्याने पाहिले आणि एके दिवशी विचारले, "साहेब, तुम्ही रोज जिंकायला येता. सर्व्हिस करायला कधी येणार?" मग त्याने चेंडूंचे तीन रिकामे डबे समोरच्या सर्व्हिसच्या चौकोनात मांडले आणि पन्नास चेंडू माझ्या पायाशी ओतले. पहिली सर्व्हिस बंद. फक्त दुसरी, तीही जाळ्यावरून हातभर उंच आणि रॅकेट खालून वर घासून चेंडूला फिरकी देऊन. आत किती पडले, एवढेच वहीत लिहावयाचे. कोणाला दाखवावयाचे नाही. व्यावसायिक टेनिसमध्येही बहुसंख्य गुण पहिल्या चार फटक्यांच्या आतच संपतात. म्हणजे सर्व्हिस आणि तिचा परतावा यांवरच बराचसा खेळ असतो. असे असूनही आमच्यासारखे लोक सराव म्हणून तासभर फोरहँडच मारीत बसतात, कारण तो गोड लागतो.

त्याच मार्करने दुसरी एक गोष्ट शिकवली, आणि ती मला अधिक अवघड गेली. गुण संपला की पाठ फिरवायची. सामन्याचा मोठा भाग चेंडू खेळात नसतानाच जातो. दोन गुणांमध्ये खेळाडूला पंचवीस सेकंद मिळतात आणि त्या पंचवीस सेकंदांत मन एक तर मागच्या चुकीत अडकते किंवा पुढच्या निकालाकडे धावते. जिम लोहर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकात नेमक्या याच अवधीचा अभ्यास केला. चांगले खेळाडू या वेळात काय करतात? चूक झाली तरी खांदे पडू देत नाहीत. सावकाश चालतात, श्वास सोडतात. पुढच्या गुणाचा बेत ठरवतात. मग चेंडू आपटण्यासारखा एखादा ठरलेला विधी करून सर्व्हिस करतात. दूरदर्शनवर सामना पाहताना खेळाडू रॅकेटच्या तारा पुन्हा पुन्हा का न्याहाळतो, असे आपणांस वाटत असेल. तारांत पाहण्यासारखे फारसे काही नसते. डोळे भटकू लागले की मन भटकते, म्हणून डोळ्यांना बसावयास दिलेली ती जागा आहे. राफाएल नदालच्या रांगेत मांडलेल्या बाटल्यांची लोकांनी पुष्कळ थट्टा केली. मला त्या बाटल्यांत अंधश्रद्धा दिसत नाही, शिस्त दिसते. त्या मुलाचे डोळे मात्र कुंपणाकडे जात होते आणि तेथे त्याला विश्रांती नव्हे, निकाल मिळत होता.

फळाची आशा सोडून कर्म करावे, हे आपल्याकडे सभांतून नित्य ऐकू येते. घरी आल्यावर मात्र पहिला प्रश्न निकालाचाच असतो. या संदर्भात सांगलीचे नंदू नाटेकर आठवतात. १९५१-५२ च्या सुमारास कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णनकडून ते पराभूत झाले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव टेनिसच खेळले आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर त्यांनी दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. केवळ क्रमवारीच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला त्या जुन्या अंतिम सामन्यात फक्त एक पराभव दिसला असता.

त्या मुलाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. त्या दिवशी वडिलांच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. मात्र थोड्या वेळाने तो मागच्या मोकळ्या भिंतीवर एकटाच चेंडू मारीत असलेला दिसला. ओठ हलत होते. मोजत असावा. मी जवळून गेलो तेव्हा आकडा एकतीसवर होता आणि वडील मोटारीचा हॉर्न वाजवीत होते.

माझ्या वहीतील आकडे सांगण्याजोगे नाहीत. गेल्या महिन्यात एका सेटमधील माझ्या दुहेरी चुका सहावरून तिनावर आल्या, तेव्हा मी मार्करला चहा पाजला. परवाच्या रविवारी पुन्हा सात झाल्या. त्याने काही न बोलता डबे मांडले.