खुलासा करतील काय?

सप्टेंबर २०२४ च्या मध्याला, सोयाबीन कापणीला यायच्या बेतात असताना, दिल्लीतल्या अर्थ मंत्रालयाने एका रात्रीत अधिसूचना काढली. कच्चे पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेल यांच्यावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेले. उपकर धरून एकूण भार साडेसत्तावीस टक्के. वाशीम जिल्ह्यात खरिपाच्या बहुतांश रानात सोयाबीनच असते, त्यामुळे वाशीम, कारंजा, रिसोडच्या यार्डांत ही बातमी पावसाच्या अंदाजाइतक्याच काळजीने वाचली गेली. तेलाच्या डब्याचा भाव चढला. सोयाबीनचा हर्रास मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच बोलत राहिला. पुढे ३० मे २०२५ ला तेच शुल्क निम्म्यावर, १० टक्क्यांवर आणले गेले. तेव्हा शेतकरी पेरणीसाठी बियाणे शोधत होता.

शुल्क का वाढवले, का घटवले, आणि वाढवल्यावरही भाव का चढला नाही, हे विचारायचे कोणाला? त्यासाठी लोकशाहीने एक यंत्र बनवून ठेवले आहे. त्याला तेल-पाणी लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, एका छापील कागदावर ते चालते. प्रश्नोत्तराचा तास. टीव्हीवर आपण त्यातला गोंधळ तेवढा पाहतो. यंत्र चालते कसे, हे फारसे कोणी पाहत नाही.

महाराष्ट्र विधानसभेच्या तारांकित प्रश्नोत्तरांची यादी एकदा निवांत वाचावी. विषय कोणताही असो, प्रश्नाचा साचा एकच. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक तालुक्यात अमुक घडले, हे खरे आहे काय. दुसरा: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले. तिसरा: त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटचा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. हा शेवटचा भाग ज्याने पहिल्यांदा घातला, त्याला सरकारी कारभार अंतर्बाह्य ठाऊक असावा. काम होण्यापेक्षा रखडण्याची शक्यता अधिक, हे गृहीत धरूनच प्रश्न रचला आहे.

उत्तरांचाही साचा ठरलेला. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ आणि सर्वांत लाडके, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ यातले ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. ते देणाऱ्याला काहीतरी कबूल करायचे असते आणि बरेच काही करायचे नसते. अनुभवी आमदाराचा उपप्रश्न नेमका त्या फटीत पाचर मारतो. लेखी उत्तर म्हणजे निम्मेच काम. प्रश्नावर तारांकन असते ते उत्तर सभागृहात तोंडी मिळावे आणि त्यावर उपप्रश्न विचारता यावेत म्हणून. अतारांकित प्रश्नाला कागदावर उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. अल्पसूचना प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही सगळी याच घराण्यातली भावंडे.

कागदाचा प्रवास पाहण्यासारखा असतो. आमदाराची सूचना विधानमंडळ सचिवालयात जाते. ती मान्य झाली की मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे, तिथून आयुक्तालय, मग जिल्हा. वाशीमच्या कचेरीत ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, एवढे म्हटले तरी पुरे. बाकीची टपाले बाजूला होतात. बाजार समितीचा मामला असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे, कर्जाचा असेल तर जिल्हा बँकेकडे आणि अग्रणी बँकेकडे फोन जातात. ‘वस्तुस्थितीदर्शक अहवाल आजच्या आज’ असा निरोप तहसीलपर्यंत पोहोचतो. एरवी जी माहिती अर्जदाराला महिनोन्‌महिने मिळत नाही, ती संध्याकाळपर्यंत टाईप होऊन वर जाते. अहवालासोबत टिप्पणी जोडतात: कोणता उपप्रश्न येऊ शकेल, त्याला काय सांगावे. सभागृहात मंत्री बोलत असताना अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येतात त्या याच तयारीतून. माझ्या मते प्रश्नाचा खरा लाभ या धावपळीत आहे. मंत्री सभागृहात काय बोलले याहून, बोलण्याआधी जिल्ह्यात कोणती फाईल उघडावी लागली, हे अनेकदा मोठे असते.

हा हक्क आपल्याकडे हप्त्याहप्त्याने आला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली. उपप्रश्न नाही, मतदान नाही. एवढ्याशा जागेत गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. १९०२ च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदेमंडळातल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीवर बोट ठेवले: देश दुष्काळाने पोळत असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एकट्या गोखल्यांमुळे आला असे म्हणता येणार नाही. पण आकडे सरकारचेच घ्यायचे आणि प्रश्न आपला घालायचा, ही रीत तिथून पडली. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारायचा हक्क मिळायला १९०९ उजाडावे लागले.

या रीतीचे सर्वांत धारदार उदाहरण स्वातंत्र्यानंतरचे. १९५७ मध्ये लोकसभेत साधा प्रश्न आला: आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग घेतले काय? उत्तर सारवासारवीचे निघाले. १६ डिसेंबरला फिरोज गांधी, स्वतः सत्ताधारी पक्षाचे, उभे राहिले आणि त्यांनी १ कोटी २४ लाखांचा तो व्यवहार उलगडून ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. अर्थमंत्र्याला खाली उतरवणारी ही साखळी सुरू झाली होती एका अपुऱ्या उत्तरापासून.

आता वाशीमकडे वळू. इंग्रजांच्या काळात वाशीम, त्यांच्या कागदांत बासीम, वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. मधली त्र्याण्णव वर्षे इथला आकडा अकोल्याच्या आकड्यात विरघळलेला होता. ज्या मुलखाचा आकडाच वेगळा निघत नाही, त्याच्याबद्दल नेमका प्रश्न विचारणे कठीण. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये असा जिल्हावार मोजला, त्यात वाशीम नावाचा रकाना नव्हता. जिल्हा झाल्यावर सिंचनाच्या अनुशेषाच्या यादीत तो अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पंगतीला बसला. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन नागपुरात मिळाले, राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाने निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद दिली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदत संपली. म्हणजे अनुशेष विचारायची एक खिडकी बंद झाली आणि आमदाराच्या प्रश्नावरचा भार तेवढा वाढला.

२८८ आमदारांच्या सभागृहात वाशीमचे तिघे: वाशीम, रिसोड, कारंजा. लोकसभेत तर जिल्हा दोन मतदारसंघांत वाटलेला. रिसोड अकोल्याकडे, वाशीम आणि कारंजा यवतमाळ-वाशीमकडे. तीन आवाज थोडे असतात. त्यांनी दार चुकवून चालत नाही, आणि आर्थिक विषयात दार चुकणे फार सोपे.

सोयाबीनचेच घ्या. दाण्यात तेल साधारण १८ टक्के, बाकी मुख्यतः पेंड, व्यापारी जिला डीओसी म्हणतात. नुसते तेलावरचे शुल्क वाढवून दाण्याचा भाव हलत नाही. पेंडेला परदेशात आणि कुक्कुटपालनात गिऱ्हाईक लागते. तेलाचे शुल्क अर्थ मंत्रालय ठरवते. पेंड आयात करू द्यायची की नाही, हे वाणिज्य मंत्रालयाचे विदेश व्यापार महासंचालनालय ठरवते. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव तेजीत असताना १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आणायला परवानगी मिळाली ती तिथून. त्याच डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबले, ते सेबीच्या आदेशाने, आणि ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढली. हमीभाव कृषी मंत्रालयाच्या वाटेने येतो. खरेदी केंद्रावर बारदाना नसणे, १२ टक्के ओलाव्याच्या अटीवर माल परत जाणे, हे राज्याच्या पणन खात्याच्या पदरात. नागपुरात कोणी ‘सोयाबीनला भाव का नाही’ असे मोघम विचारले, तर ‘सदर बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे’ एवढ्यावर मंत्री मोकळे होतात, आणि नियमाने त्यांचे चुकत नाही. बारदाना कोणत्या तारखेला मागवला, कोणत्या तारखेला आला, मधल्या दिवसांत किती नोंदणीकृत शेतकऱ्यांचा माल मोजायचा राहिला, असे विचारले तर सुटका नाही.

राज्याच्या वित्तमंत्र्यांची गोष्ट थोडी निराळी. अर्थसंकल्प मांडताना सगळे कॅमेरे त्यांच्यावर. बॅरिस्टर शेषराव वानखेडे या वैदर्भीय नेत्याने तो १३ वेळा मांडला, अजित पवारांनी मार्च २०२५ मध्ये अकराव्यांदा. त्या वर्षीचा खर्च सात लाख कोटींच्या घरात. पण प्रश्नोत्तरात वित्तमंत्री कमीच सापडतात. रस्ता बांधकाम खात्याचा, शाळा शिक्षण खात्याची, तलाव जलसंधारणाचा. उत्तर त्या त्या मंत्र्याने द्यायचे, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘वित्त विभागाच्या सहमतीने कार्यवाही करण्यात येईल’ असे. अडवणारा एक, उत्तर देणारा दुसरा. जिल्हा परिषदेतला कारकूनही निधी मंजूर झाला का असे विचारत नाही, ‘बीम्सवर आला का’ असे विचारतो, कारण मंजुरी आणि बीम्स या निधी-वितरणाच्या संगणक प्रणालीवर पैसे दिसणे यांत काही महिने सहज जातात. जिल्हा वार्षिक योजनेचा किती निधी कोणत्या महिन्यात वितरित झाला आणि किती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, हा प्रश्न थेट वित्त व नियोजन विभागाला विचारायला हवा. पुरवणी मागण्यांच्या वेळी तर नक्कीच. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात ५५,५२० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये केलेला अंदाज डिसेंबरात इतका का फुगतो, याचे उत्तर एका खात्याच्या मंत्र्याकडे नसते.

यंत्राची दुखणीही सांगायला हवीत. गोंधळात तास वाया गेला की तोंडी उत्तरे उरतच नाहीत, ती नुसती पटलावर ठेवली जातात. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाचे कारण देऊन संसदेने प्रश्नोत्तराचा तासच गाळला. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत दोघे महाराष्ट्रातले होते, ही आपल्याला न शोभणारी नोंद. पण मला सर्वांत खुपते ते अधिसूचनांचे वेळापत्रक. तेलाचे शुल्क वाढले तेव्हा संसदेचे अधिवेशन संपून महिना उलटला होता. घटले तेव्हाही सभागृह बंद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, तेव्हा अधिवेशनाचे दोन-तीन दिवस उरले होते, आणि माफीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली ती अधिवेशन संपल्यावर. कायद्याने हे चालते. सीमाशुल्काच्या अधिसूचना नंतर संसदेपुढे ठेवतातही. पण कारंजा-मानोऱ्याच्या कापूसवाल्याला हिशेब विचारायची वेळ येते, तोवर वेचणी सुरू झालेली असते.

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी वाशीममधून पीएम-किसानचा अठरावा हप्ता सोडला, देशभराचे सुमारे वीस हजार कोटी. सोहळ्याचे फोटो सर्वांनी पाहिले. त्याच महिन्यात यार्डात हमीभावाखाली विकलेल्या प्रत्येक क्विंटलमागे किती रुपये गेले, हा हिशेब मांडायला सोहळा लागत नाही, एक अतारांकित प्रश्न पुरतो.

तेव्हा वाशीमच्या वाचकाला एवढेच सांगणे. तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरे विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. आपल्या आमदाराने, खासदाराने गेल्या अधिवेशनात काय विचारले ते पाहा. आणि पुढच्या वेळी ते गावात आले की निवेदनाऐवजी तयार प्रश्न हातात द्या: तारीख, केंद्राचे नाव, आकडा आणि विभाग लिहून. नागपूरच्या अधिवेशनासाठीच्या सूचना कित्येक आठवडे आधी जातात, म्हणून तो दिवाळीपूर्वीच द्या.